हुसेनबी आणि हैबतरावाचे साठ अडाणी

मी पौडच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होतो. गाडी वेळेवर आली तर ड्रायव्हरचं कौतुक आणि उशिरा आली तर माझ्या नावाने शिमगा, अशी ती नोकरी. त्या नोकरीत मी माणसं ओळखायला शिकलो असं म्हणणार नाही. माणसांवर चटकन विश्वास ठेवायचा नाही, एवढं मात्र शिकलो. तरीसुद्धा संशयाच्या बाबतीत हुसेनबीपुढे मी म्हणजे दूधपितं पोर होतो.

हुसेनबी पौडच्या बाजारपेठेत राहायची आणि तांदळाचा धंदा करायची. कोळवण खोऱ्यातल्या चार घरांतून भात विकत घ्यायचं, पौडच्या गिरणीवर भरडून त्याचा तांदूळ करायचा आणि पोती एसटीच्या टपावर टाकून पुण्याच्या एका मोठ्या दुकानदाराकडे पोचवायची. नवरा महंमद होता तेव्हा धंदा त्याचा होता. तो गेल्यावर दीर म्हणाले, हे बाईमाणसाचं काम नव्हे. ती म्हणाली, “बरं, धंदा तुमी करा. माप मी धरते.” माप हिच्या हातात राहणार म्हटल्यावर दीर आपोआप मागे सरले.

पोती टपावर चढवून हमाल खाली उतरला की ही पदर खोचून शिडीने वर चढायची आणि प्रत्येक पोत्याची शिवण बोटाने चाचपून यायची. मी म्हणायचो, “भाभी, चालत्या गाडीत टपावर कोण चोरणार?” ती म्हणायची, “चोर सांगून येतो व्हय?” माझ्या केबिनमधल्या घड्याळावर तिचा विश्वास नव्हता. मी वेळ सांगितली की ती ड्रायव्हरला विचारायची, मग पानवाल्याला. निकाहाच्या वेळी काझींनी हिला कबूल आहे का असं विचारलं, तेव्हा हिने आधी मेहेराची रक्कम पुन्हा एकदा वाचायला लावली, असं महंमद हसत हसत सांगायचा. ते खरं असणार.

पण हेही सांगायला हवं की ती स्वतःवरही तितकाच संशय घ्यायची. तोललेलं परत तोलायची. चुकून गिऱ्हाइकाला कमी गेलं तर, ही तिची खरी धास्ती. म्हणून पुण्याच्या दुकानात पौडचा आंबेमोहर म्हणजे हुसेनबीचा, असं नाव झालं होतं. त्या नावावर तिची चूल पेटत होती आणि मान ताठ होती.

मग वडगावच्या भात संशोधन केंद्रातून इंद्रायणी नावाचं नवं बियाणं आलं. भात भरपूर यायचं, वाऱ्याने लोळायचं नाही. कोळवणात दोनेक वर्षांत बऱ्याच जणांनी ते लावलं. अडचण एवढीच की इंद्रायणी ही आंबेमोहराच्याच पोटची. वास तिलाही आहे, रूप जवळपास तेच आहे, आणि भाव मात्र कमी. चार मापं आंबेमोहरात एक माप इंद्रायणी सरकवली तर कुणाच्या बापाला कळणार नाही.

पण गिऱ्हाइकाला कळलं म्हणे. अठ्ठ्याऐंशीच्या हंगामातला माल घेऊन ती पुण्याला गेली, तेव्हा दुकानदाराने तिला बाजूला घेऊन सांगितलं, “बाई, तुमच्या तांदळात मिसळ आहे. लोक तोंडावर बोलतात. पुढच्या हंगामात असं असेल तर इकडे येऊ नका.”

ती परत आली ती थेट माझ्या केबिनमध्ये येऊन बाकावर बसली. तोंड उतरलेलं. मी चहा सांगितला, तर तिने तो प्यायलाही नाही.

“चार घरांतलं एक घर लबाड हाय, कंट्रोलर,” ती म्हणाली. “कंचं ते मला कळंना. चारी घरांतनं येगळा तांदूळ मागून आणला, रांधला, खाल्ला, हुंगला. आंबेमोहर कुटं सरतो आन इंद्रायणी कुटं लागती, माझ्या जिभंला गावंना.”

त्या चार घरांत एक घर कोंडाजीचं होतं. कोंडाजी हा महंमदचा जुना दोस्त. महंमद गेल्यानंतरच्या पहिल्या सुगीत हुसेनबी एकटी खळ्यावर गेली, तेव्हा बाकीचे बघत उभे राहिले आणि याने पायली तिच्या हातात देऊन “भाभी, तुमी मापा” असं म्हटलं होतं. माणूस उंच आणि कमी बोलणारा. त्याची बायको गोजराबाई अठ्ठ्याऐंशीच्या ज्येष्ठात वारली. मुली सासरी गेलेल्या. घरात तो आणि एक बैलजोडी.

आता हैबतरावाकडे वळतो. कोळवणातल्या मोठ्या जमीनदार घरातला हा मुलगा परदेशात शिकून आला, पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला, आणि एके दिवशी नोकरी सोडून एक कॉम्प्युटर घेऊन गावी येऊन बसला. गावात तर्कांना ऊत आला. कुणी म्हणे, याला कंपनीने हाकलला. कुणी म्हणे, शहरातले लोक जीपगाड्या घेऊन फार्महाउससाठी जमिनी बघत फिरतात, त्यांचाच हा माणूस. माझा तर्क साधा होता: पोरगं आळशी असणार. हुसेनबीची अडचण त्याने स्टँडवरच ऐकली आणि म्हणाला, “चाची, मला चार घरचा तांदूळ द्या. कुठल्या घरात मिसळ आहे ते बहुतेक मी सांगू शकेन.”

“बहुतेक म्हंजे?” हुसेनबीने विचारलं.

तिने मला सोबत घेतलं आणि एका सुट्टीच्या दिवशी आम्ही कोळवणला त्याच्या घरी गेलो. पुढच्या खोलीत टेबलावर ते यंत्र होतं, खाली विजेचा दाब सांभाळणारा डबा घरघरत होता. हुसेनबीने आधी यंत्राच्या मागे जाऊन बघितलं. मागे कुणी बसलेलं नाही याची खात्री झाल्यावर ती पुढे येऊन बसली.

हैबतराव समजावू लागला. “या टोकाला दाण्याची माहिती घालायची. लांबी, जाडी, वजन, पांढरेपणा. त्या टोकाला उत्तर येतं: शुद्ध आंबेमोहर की मिसळ. नुसती इंद्रायणी असली तरी तिला मिसळच म्हणायचं. मधे आकड्यांचं एक जाळं आहे, थरावर थर. एका थरात बेरजा-गुणाकार होतात, त्यांची उत्तरं पुढच्या थरात जातात, तिथून बाहेर. आपल्या मेंदूत शिरा एकमेकींना जोडलेल्या असतात ना, त्याची ही लहानशी नक्कल. कुठल्या जोडाला किती जोर द्यायचा ते आकडे नीट बसले, की उत्तर बरोबर येतं.”

“आन ते आकडं तुमाला ठावं हायेत?”

“नाहीत. तीच तर मेख आहे.”

हुसेनबीने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

“ते आकडे शोधायची एक रीत आहे,” तो म्हणाला. “चूक झाली की ती उलटी मागे मागे न्यायची आणि प्रत्येक आकडा थोडा थोडा सुधारायचा. मी ती करून बघितली. पण ती मधेच कुठेतरी रुतून बसते, पुढे जात नाही. म्हणून मी दुसरी धरली. साठ उमेदवार घेतले. प्रत्येकाचे आकडे वेगळे, मनाला येतील तसे टाकलेले. सगळ्यांना त्याच तांदळाच्या पुड्यांची परीक्षा द्यायची. जे जास्त चुकतात ते बाद. जे कमी चुकतात त्यांच्या जोड्या लावायच्या. निम्मे आकडे एकाचे, निम्मे दुसऱ्याचे, असा नवा उमेदवार तयार करायचा. मधूनच एखादा आकडा उगाच बदलून टाकायचा, कारण सगळे सारखेच झाले तर नवं काही सुचत नाही. मग पुन्हा परीक्षा. अशा पिढ्या चालवायच्या.”

“म्हंजे चांगला कोंबडा बगून वंश वाढवायचा, तसं.”

“अगदी तसंच.”

“पयले साठ कसे व्हते?”

“एकजात अडाणी.”

“आन अडाण्याच्या वंशात शहाणं निपजतंय व्हय?”

“पिढ्या गेल्या की निपजतं, चाची.”

“माझ्या सासरी जाऊन बगा,” हुसेनबी म्हणाली.

हैबतराव मोकळेपणाने हसला. पोरगं मला तिथे पहिल्यांदा जरा बरं वाटलं. पण हुसेनबीचं संपलं नव्हतं. शेवटी जो शहाणा निपजतो तो तांदूळ नेमका कशावरून ओळखतो, असं तिने विचारलं. हैबतराव म्हणाला की ते त्यालाही सांगता येत नाही. आकडे दिसतात, पण त्यांचा अर्थ दिसत नाही. किती बरोबर आणि किती चूक, एवढंच बाहेरून बघता येतं.

“बनवलं तुमी आन तुमालाच ठावं न्हाई? मंग ह्ये चुकलं तर कान कुणाचा धरायचा?”

“माझा धरा,” तो म्हणाला. “पण आधी तुम्हीच तपासा. तुमच्या मनाने पुड्या आणा. कुठल्या पुडीत काय आहे ते मला सांगू नका.”

तपासा म्हटल्यावर हुसेनबीचे डोळे चमकले. तिच्या आवडीचं काम आलं होतं.

पुढचे काही आठवडे हैबतराव स्कूटरवरून खोरंभर फिरून तांदूळ गोळा करत होता. आंबेमोहर लावणाऱ्यांकडून आंबेमोहर, इंद्रायणी लावणाऱ्यांकडून इंद्रायणी. डोळे मिटून पुडीतून चिमूट उचलायची आणि एकेक दाणा मोजायचा. लोक म्हणायचे, “आज दाणा मोजतोय, उद्या जमीन मोजंल.” पण त्याच्या घराण्याचा मान होता, त्यामुळे पुडी सगळ्यांनी दिली. हुसेनबीच्या चारही घरांनी दिली. कोंडाजीनेही दिली. हुसेनबीकडचा माल गिरणीत भरडून एकत्र झालेला असायचा, म्हणून घरोघरच्या पुड्या वेगळ्या घ्याव्या लागल्या.

साठ अडाण्यांचा वंश वाढला. बऱ्याच पिढ्या मेल्या. मधे वीज गेली की त्यांचा खोळंबा व्हायचा. अखेर हैबतरावाने निरोप पाठवला: या.

हुसेनबीने आपल्या घरच्या डब्यातला आंबेमोहर नेला. तो तिने डोळ्यांदेखत कापून, झोडून, भरडून घेतलेला, त्यात खोट असणं शक्यच नव्हतं. गिरणीवरच्या एका उघड्या पोत्यातून इंद्रायणी घेतली. काही पुड्यांत नुसता आंबेमोहर, काहींत नुसती इंद्रायणी, काहींत दोन्ही मिसळलेली. पुड्यांना खुणा अशा केल्या की तिच्याशिवाय कुणाला कळू नयेत. एक पुडी तर तिने मुद्दाम दोनदा दिली, यंत्र बोलणं फिरवतंय का ते बघायला.

यंत्र एकदाही चुकलं नाही.

संशयी माणसाची एक गंमत असते. तो सगळ्या जगावर संशय घेतो, पण “तुझा संशय खरा आहे” असं जो म्हणेल त्याच्यावर मात्र घेत नाही. हुसेनबी म्हणाली, “आता माझी चार घरं घाला.”

तीन घरं शुद्ध निघाली. कोंडाजीचं घर मिसळ निघालं.

“परत घाला,” ती म्हणाली. हैबतरावाने पुडीतली दुसरी चिमूट घेतली, दाणे मोजले, आकडे घातले. पुन्हा तेच. तिसरी चिमूट, तेच. हुसेनबीचा चेहरा मी तेव्हा बघितला. तिला आनंद झाला नव्हता. पण शोध संपला याचं एक बरं वाटणं त्यावर होतं, आणि ते मला आवडलं नाही.

कोंडाजी बाजारच्या दिवशी पौडला आला. हुसेनबीने त्याला स्टँडवरच, माझ्या केबिनसमोर गाठलं. कोळवणची गाडी लागलेली, अर्धं खोरं खिडक्यांतून बघत होतं.

“कोंडाजीभाऊ, तुमच्या तांदळात इंद्रायणी हाय.”

“कोण म्हणतं?”

“मशीन म्हणतंय. मी लबाड आसंन, हैबतराव लबाड आसंल. मशीनला काय कुणाची सोयरीक न्हाई.”

“माझ्या वावरात इंद्रायणीचा दाणा न्हाई, भाभी.”

“मंग मशीन खोटं बोलतंय?”

“मशीनचं मला काय ठावं. माझं मी सांगतोय.”

“महंमद आसता तर केलं आसतं का ह्ये? बाईमाणूस हाय म्हणून?”

कोंडाजी उभा राहिला. त्याला बोलायचं असावं, कारण त्याचे ओठ हलले. पण गाडीत कुणीतरी हसलं. मग तो गाडीत चढला आणि कुणाकडे न बघता पुढच्या बाकावर जाऊन बसला. मला त्या क्षणी हुसेनबीचा राग आला. शंभर माणसांसमोर माणसाची अब्रू काढायची काही गरज नव्हती.

तिने त्याच्याकडून भात घेणं बंद केलं. पुण्याला जाऊन दुकानदाराला सांगितलं, चोर सापडला, काढून टाकला. दुकानदार म्हणाला, मग आणा पुढच्या हंगामात. हुसेनबीचं नाव वाचलं. कोंडाजीचं मात्र खोऱ्यात नवं नाव पडलं: मिसळ कोंडाजी. गिरणीवर त्याचं पोतं आलं की कुणीतरी म्हणायचं, ते जरा लांब ठेवा, आमच्यात मिसळंल. तो गिरणीवर यायचाच बंद झाला.

श्रावण लागला होता. एके दिवशी हैबतरावाची स्कूटर स्टँडवर येऊन थांबली. चेहरा असा, की मला वाटलं घरात कुणी गेलं.

“हुसेनबीचाची कुठे आहेत?” तो म्हणाला. “माझी चूक झाली, कंट्रोलरसाहेब. मोठी चूक.”

हुसेनबीला बोलावून आणलं. त्याने तिला सांगितलं की यंत्र इतकं अचूक उत्तर देतंय हेच त्याला खुपायला लागलं होतं. म्हणून त्याने एकेक माहिती झाकून बघितली. सगळ्या दाण्यांना सारखंच वजन दिलं, तरी उत्तर तेच. पांढरेपणा झाकला, तरी तेच. जाडी झाकली, तेच. यंत्राचं लक्ष एकाच गोष्टीवर होतं: पुडीतले दाणे सगळे एकसारख्या लांबीचे आहेत की लहानमोठे. साठ अडाण्यांच्या वंशजांनी आंबेमोहर ओळखलाच नव्हता. त्यांनी तांदळातली कणी, म्हणजे भरडताना तुटलेला दाणा, ओळखली होती. कणी नसली की शुद्ध, कणी असली की मिसळ. परीक्षेत पास व्हायला तेवढं पुरत होतं, मग जास्त शिकायची त्यांना गरज काय?

हुसेनबीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “कोंडाजीनं काय दिलं तुमाला?”

“चाची!”

“न्हाई, मशीन तवा येक बोललं, आता येक बोलतंय. मधे कोण आलं ते सांगा.”

तिला समजावण्यात अर्थ नव्हता. आम्ही तिघं कोळवणला गेलो. हैबतरावाने कोंडाजीची पुडी काढली आणि आईला, सारजाबाईंना, त्यातली कणी वेचायला बसवलं. वेचलेल्या तांदळाचे दाणे मोजले. यंत्र म्हणालं, शुद्ध. मग त्याने हुसेनबीच्या घरच्या डब्यातली उरलेली पुडी काढली, तीच तिच्या खात्रीची, आणि त्यात ती वेचलेली कणी टाकली. यंत्र म्हणालं, मिसळ.

“पण सगळ्या आंबेमोहरात कणी नव्हती आणि सगळ्या इंद्रायणीत होती, असं कसं?” हैबतराव म्हणाला. “गिरणी तर एकच आहे.”

सारजाबाईंनी मांडीवरचं सूप खाली ठेवलं. “आरं, तू आंबेमोहर मागाय गेलास तवा काय म्हणालास? घरी खाता त्यातला द्या. आता आपल्या घरचा तांदूळ दुसऱ्याच्या घरी जायचा तर कंची बाय निवडल्याबिगर देईल? कणी आपुन खायची, अख्खा दाणा भाईर द्यायचा. न्हाई तर त्या बायला लोक नावं ठिवत्यात. आन इंद्रायणी काय, ती इकायला लावल्याली. तिला कोण सुपात घेतंय? डबा घातला पोत्यात आन दिली पुडी बांधून.”

मग त्या हळूच म्हणाल्या, “कोंडाजीच्या घरात सूप धराय हाय कोण? गोजरा गेली.”

हैबतराव हुसेनबीसमोर येऊन खाली बसला आणि म्हणाला, “चाची, तुम्ही विचारलं होतं, कान कुणाचा धरायचा. धरा.”

“तुमचा धरून काय करू?” हुसेनबी म्हणाली. “पुडी माझ्याच डब्यातली व्हती. रोज दुपारी बसून मीच निवडती तो तांदूळ. तपासायला निगाले आन माझाच हात मला दिसला न्हाई.”

पुढचं आधी सांगून टाकतो, कारण मला ते शेवटी सांगायचं नाही. पुढच्या बाजारी हुसेनबी स्टँडवर, कोळवणच्या गाडीसमोर उभी राहिली आणि कोंडाजी निर्दोष आहे असं तिने सांगितलं. आरोप केला होता तेव्हाच्यापेक्षा आवाज मोठाच होता. पुण्याला जाऊन दुकानदाराला म्हणाली, चोर सापडला म्हणाले ते खोटं होतं, मिसळ कुणाची ते मला ठाऊक नाही. दुकानदाराने तिचा माल कायमचा बंद केला. मिसळ खरोखर कुठे झाली, ते आजतागायत कळलेलं नाही. माझा संशय गिरणीवर आहे. एकाचं भात भरडून झाल्यावर आत थोडं उरतंच, ते पुढच्याच्या पोत्यात पडतं. दुकानदारावरही माझा संशय आहे, तसा तो कुठल्याही दुकानदारावर असावा. हुसेनबी मात्र पुढे मरेपर्यंत पौडच्या बाजारात इंद्रायणी विकत राहिली, इंद्रायणी म्हणून. आंबेमोहर हे नाव तिने पुन्हा कुठल्या पोत्याला लावलं नाही.

हे सगळं नंतरचं. त्या दिवशी हैबतरावाच्या घरून निघून हुसेनबी आणि मी पायी कोंडाजीकडे गेलो. तो ओसरीवर दावं वळत बसला होता. हुसेनबी अंगणात उभी राहिली, बसली नाही.

“भाऊ,” ती म्हणाली, “चूक माझी झाली. मशीन कणी बगत व्हतं. तुमच्या तांदळात काय बी न्हवतं.”

कोंडाजीने ऐकलं. “व्हय का,” एवढंच म्हणाला. राग दिसला नाही, आनंदही दिसला नाही. मग दावं खाली ठेवून तो उठला. “वाटंनं आलासा, जेवला नसाल. बसा.”

आम्ही नको म्हणालो नाही. ते नको म्हणण्यासारखं जेवण नव्हतं. त्याने स्वतः चुलीवर भात ठेवला, आमटी सकाळची होती ती गरम केली. मागच्या दाराने त्याचं वावर दिसत होतं. लावणी झालेली, रोप तरारलेलं. मी सहज विचारलं, आंबेमोहर ना? तो म्हणाला, “न्हाई. औंदा समदी इंद्रायणी.”

हुसेनबी चुळबुळली.

ताटं आली. भातात निम्मी कणी होती. कोंडाजी म्हणाला, “निवडल्याला न्हाई. मला त्ये जमत न्हाई.” हुसेनबीने पहिला घास घेतला. तो समोर बसून बघत होता.

“बगा भाभी,” तो म्हणाला, “मिसळ हाय का.”

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. आमटीत मीठ बरोबर आहे का, असं विचारावं तसं त्याने विचारलं. तिला ते कळत नाही हे मला ठाऊक होतं. तिनेच माझ्या बाकावर बसून सांगितलं होतं. तिच्या स्वभावाप्रमाणे तिने दाणा तळहातावर घेऊन उजेडाला धरायला हवा होता, हुंगायला हवा होता, दुसरा घास घेऊन पहिला खरा की दुसरा ते बघायला हवं होतं.

“न्हाई,” ती म्हणाली. “मिसळ न्हाई.”

कोंडाजीने मान हलवली. “बियाण्याचा हाय,” तो म्हणाला. “माझ्या बापापासनंचं बी. पेरून काय करायचं? गोजराच्या वर्षश्राद्धाला निम्मं भरडून शिजवलं, मानसं जेवली. ह्ये राहिल्यालं.”

हुसेनबीचा हात ताटातच थांबला.

“बियाणं, भाऊ? समदं?”

“समदं.”

“थोडं तरी ठिवायचं व्हतं.”

“कुणासाठी, भाभी?”

कोंडाजीने पातेल्यात उरलेला भात खरवडला आणि तिच्या ताटात वाढला. तिने नको म्हटलं नाही. मान खाली घालून ती सगळा जेवली.